उलटी बॅटरी: गाडीच्या वायरिंगचा थोडा इतिहास

मंडळी, मे महिना आला की सोलापुरात दोन गोष्टी हमखास होतात. पारा चाळिशी ओलांडतो आणि कुणाची ना कुणाची बॅटरी बसते. मग रविवारी घरातला एखादा उत्साही वीर पाना घेऊन बॉनेट उघडतो, जुनी बॅटरी उचलतो, नवी ठेवतो आणि घाईघाईत प्लसच्या जागी मायनस लावून मोकळा होतो. शेजारून कुणीतरी ओरडतं, "काय बे, उलटी लावलास की!"

आता पुढे काय होईल? तर ते गाडी कुठल्या सालची आहे यावर अवलंबून आहे. चूक तीच, पण एका गाडीत ती दहा मिनिटांत निस्तरते, दुसऱ्या गाडीत काही हजारांना पडते आणि तिसऱ्या गाडीला थेट टो करूनच न्यावं लागतं. गंमत म्हणजे वायरिंगबद्दलचं आपलं बरंचसं ज्ञान बाबांकडून, काकांकडून, नाक्यावरच्या वायरमनकडून आलेलं असतं. ते चुकीचं नसतं हो. फक्त ते त्यांच्या गाडीचं ज्ञान असतं. आजचा विकांत त्याच इतिहासावर.

सुरुवात अगदी पायापासून करू. घरात बल्ब लावायचा तर दोन वायरी लागतात, एक जायची आणि एक परत यायची. गाडीत मात्र बल्बकडे बहुतेक वेळा एकच वायर जाते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा! बॅटरीचं एक टोक जाड पट्टीने बॉडीला जोडलेलं असतं आणि सगळा करंट चासी, बॉडी, इंजिन यांतून परत येतो. याला आपण 'अर्थ' म्हणतो. खरं तर जमिनीशी त्याचा काडीचा संबंध नाही, मध्ये चार रबरी टायर आहेत. पण या युक्तीने तांब्याच्या निम्म्या वायरी वाचल्या आणि पहिल्यापासून मोटारी बनवणाऱ्यांनी ती उचलून धरली.

या बचतीची किंमत घरच्या घरी वायरिंग करणारा चुकवतो. अख्खी गाडीच सर्किटचा अर्धा भाग असल्यामुळे सोललेली वायर पत्र्याला कुठेही टेकली की शॉर्ट. बॅटरी काढताना आधी मायनस काढा असं सांगतात ते याचसाठी. आधी प्लस काढायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर तुमच्या हातातला पाना हीच वायर झाली की!

बरं, गाडीत वीज आली कशाला? सुरुवातीला दिवे कार्बाइडचे होते आणि इंजिन सुरू करायला पुढून हँडल मारावं लागे. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं. चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने आधी दुकानातल्या गल्ल्याच्या मशिनसाठी विजेची मोटर बनवली होती. थोडाच वेळ चालायचं, पण चालेल तेव्हा दणकून ताकद द्यायची, अशी मोटर. तीच कल्पना त्याने इंजिनाला लावली आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ स्टार्टर आला. सेल्फ आला म्हणून मोठी बॅटरी आली, बॅटरी आली म्हणून ती चार्ज करणारा डायनामो आला, आणि वीज आहेच म्हटल्यावर दिवे, हॉर्न, वायपर सगळेच रांगेत उभे राहिले. (फीचर वाढत कसे जातात हे आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको.)

आता बॉडीला कुठलं टोक जोडायचं, प्लस की मायनस? यावर जगात बराच काळ एकमत नव्हतं. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीचं विजेचं सामान जवळजवळ प्रत्येक गाडीत असे आणि १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तिथे प्लस बॉडीला, म्हणजे 'पॉझिटिव्ह अर्थ', ही पद्धत रुळली. इटलीची फियाट निगेटिव्ह अर्थवाली. याच लुकासला पुढे गाडीवेड्यांनी थट्टेने 'अंधाराचा राजपुत्र' अशी पदवी दिली. दिवे कधी जातील याचा नेम नाही म्हणून!

आपल्याकडे दोन्ही घराणी नांदली. अँबॅसडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतली ती पॉझिटिव्ह अर्थची ब्रिटिश गाडी. आणि फियाट बनवली ती चक्क एका सोलापूरकराच्या कंपनीने. वालचंद हिराचंद, जन्म सोलापूर, १८८२. रेल्वेची कंत्राटं, जहाजं, विमानं असं करत करत त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायस्लरच्या परवान्यावरच्या गाड्या निघाल्या. वालचंद १९५३ साली गेले. फियाट ११०० आणि तिचीच पुढची आवृत्ती असलेली पद्मिनी यांचा सुवर्णकाळ त्यांच्या पश्चात आला. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली.

तर डायनामोवाली फियाट घ्या आणि तिची बॅटरी उलटी लावा. काय होईल? दिवे लागतील, कारण बल्बला करंटची दिशा कळत नाही. हॉर्न वाजेल. सेल्फ मारलात तर तोही नेहमीच्याच दिशेने फिरेल, कारण त्या जुन्या मोटरमध्ये चुंबकही विजेवर चालणारं. दोन्हीची दिशा एकदम उलटली की फिरणं तसंच राहतं. इंजिन सुरू करायच्या आधी लक्षात आलं, तर बॅटरी सरळ करा आणि चालू लागा. लक्षात न येता इंजिन पळवलं, तर डायनामो आणि बॅटरी एकमेकांविरुद्ध भांडायला लागत आणि कटआऊटचे पॉइंट जळत. पण तेही बदलता येत. डायनामोच्या लोखंडात राहिलेल्या थोड्याशा चुंबकत्वावर त्याची दिशा ठरते. ती उलटली असेल तर बॅटरीवरून एक वायर डायनामोच्या फील्डच्या टोकाला क्षणभर टेकवायची, ठिणगी उडाली की काम झालं. याला त्या काळचे वायरमन एका हाताने करायचा प्रकार समजत.

आमच्या बाबांच्या लहानपणी गल्लीत एका काकांकडे फियाट होती. बाबा सांगतात, काका फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद काढून फ्यूजच्या कांडीवर गुंडाळायचे आणि खुशाल अक्कलकोटला जाऊन यायचे. गाडीने माफ केलं म्हणा किंवा अक्कलकोटच्या महाराजांनी. पण 'गाडीचं वायरिंग काय, कुणीही करू शकतो' हा आत्मविश्वास अशाच गाड्यांनी दिला. माफ करणाऱ्या गाडीने एक अख्खी पिढी घडवली असं म्हणायला हरकत नाही.

मग आला अल्टरनेटर. डायनामो संथ इंजिनावर पुरेसा करंट देत नाही. गाडी ट्रॅफिकमध्ये उभी, दिवे चालू, की बॅटरी खाली व्हायला लागते. अल्टरनेटरला ही अडचण नाही, पण तो बनवतो एसी आणि बॅटरीला हवा डीसी. मध्ये डायोड पाहिजेत. सिलिकॉनचे स्वस्त आणि दणकट डायोड मिळायला लागल्यावर १९६० च्या अमेरिकन व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर आला आणि बघता बघता सगळीकडे पसरला. त्याच दशकात ब्रिटिशांनीही पॉझिटिव्ह अर्थ सोडून निगेटिव्ह अर्थ धरला. आपल्याकडे १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हातात पडली आणि अल्टरनेटरचं हे युग मध्यमवर्गाच्या दारात आलं.

इथे माफीचा पहिला कायदा बदलला. डायोड म्हणजे एकाच दिशेने उघडणारं दार. बॅटरी बरोबर लागलेली असते तेव्हा हे दार तिच्या बाजूने बंद असतं. उलटी लावली की सगळे डायोड सताड उघडतात आणि बॅटरी त्यांच्यातून थेट शॉर्ट होते. इंजिन सुरू असण्याचीही गरज नाही. मोठा फ्यूज वेळेत उडाला तर नशीब, नाहीतर डायोड गेलेच. ठिणगी टेकवून ते परत येत नाहीत.

दुसरा बदल याहून फसवा. डायनामो चार्ज करतोय की नाही हे बघायची जुनी युक्ती म्हणजे इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची. इंजिन चालू राहिलं तर डायनामो ठीक! आजही कुणीतरी अनुभवी माणूस हे करून दाखवतो. पण अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना बॅटरी काढली, तर त्याचा करंट जाणार कुठे? व्होल्टेज क्षणभर कितीतरी पट उसळी मारतं आणि त्या वायरीवर जे जे इलेक्ट्रॉनिक आहे त्याच्या डोक्यावर बसतं. एका काळाचं शहाणपण दुसऱ्या काळात नुकसान करतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आता आपल्या सगळ्यांच्या आवडीचा विषय, हेडलाइट. रात्री पुण्याहून सोलापूरला येताना समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपले की वाटतं, आपणही 'शंभर-नव्वद'चे बल्ब टाकावेत. हिशोब करू. कंपनीचे बल्ब ६० वॅटचे, दोन मिळून १२० वॅट, १२ व्होल्टला १० अँपिअर. शंभरचे दोन म्हणजे २०० वॅट, जवळपास १७ अँपिअर. करंट पावणेदोन पटीच्या आत, पण वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे पावणेतीन पटींच्याही वर! फ्यूज उडतो. मग भाऊ त्या जागी मोठा फ्यूज टाकतो. इथे खरी चूक होते. फ्यूज बल्बला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. फ्यूज मोठा केला की वायरच फ्यूज होते आणि ती डॅशबोर्डच्या मागे, प्लॅस्टिकच्या कुशीत जळते.

यावरचा उपाय म्हणजे रिले. स्विचमधून अगदी थोडा करंट जातो, तो एक छोटं विद्युतचुंबक ओढतो आणि मोठा करंट वेगळ्या जाड वायरीने थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजमधून जातो. कल्पना एकोणिसाव्या शतकातली, तारायंत्राच्या काळातली. पाठीमागच्या ३०, ८५, ८६, ८७ या आकड्यांचा अर्थ जर्मन मानकात ठरलेला आहे: ३० बॅटरीवरून येणारा प्लस, ८७ दिव्याकडे जाणारा, ८५ आणि ८६ चुंबकाचे. नव्या पिढीला एवढे चार आकडे पाठ असले तरी निम्मे अपघात टळतील.

तिसरं युग संगणकाचं. कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय आलं तशी गाडीत इंजिनाचा संगणक आला. १ एप्रिल २०१० ला बीएस-४ नियम आधी फक्त १३ महानगरांत आणि शहरांत लागू झाले. दिल्ली, मुंबई, पुणे वगैरे मोठी नावं आणि त्या यादीत आपलं सोलापूर! त्यामुळे सोलापूरच्या शोरूममध्ये या पिढीच्या गाड्या आसपासच्या जिल्ह्यांच्या आधी आल्या. बॉश कंपनीने १९८६ साली मांडलेली कॅन बसही हळूहळू आपल्या साध्या गाड्यांत उतरली. म्हणजे आता दरवाजाचा स्विच दिव्याला करंट देत नाही, तो संगणकाला निरोप देतो. अशा वायरीला टोचून एलईडीची पट्टी जोडायची म्हणजे नेटवर्क केबल सोलून तिच्यावर पंखा चालवण्यासारखं आहे.

त्याच २०१० मध्ये टाटा नॅनोला आगी लागल्याच्या बातम्या आल्या होत्या, आठवतं? कंपनीने चौकशीनंतर सांगितलं की बाहेरून बसवलेली विजेची उपकरणं किंवा एक्झॉस्टवर राहिलेली बाहेरची वस्तू ही कारणं होती. आणि तरीही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वायरिंगला आणि एक्झॉस्टला जादा संरक्षण फुकट बसवून द्यायची तयारी दाखवली. मला यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. आपल्या देशात लोक बाहेरून काहीतरी जोडणारच, हे धरूनच गाडी बनवायला हवी. वापरणारा कसा वागेल हे न धरता बनवलेलं सॉफ्टवेअर चालत नाही, मग गाडी कशी चालेल?

आता तुम्ही म्हणाल, इतिहास पुरे, चूक झालीच तर करायचं काय? थोडक्यात सांगतो.

पहिलं, सेल्फ मारून बघू नका. किल्ली बंद, आधी मायनस काढा. दुसरं, आपण काय जोडलं ते उलट्या क्रमाने काढा, म्हणजे रोलबॅक. तिसरं, फ्यूज बघा, छोटे आणि बॅटरीजवळचा मोठाही. उडालेल्याच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा टाका (पात्याच्या फ्यूजमध्ये १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा). परत उडाला तर तिसऱ्यांदा टाकू नका, शॉर्ट अजून तिथेच आहे. चौथं, मल्टीमीटर लावा. विश्रांतीतली चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ यायला पाहिजे. चालू इंजिनावरही आकडा १२ च्या घरातच राहिला तर डायोडवर संशय घ्या. पाचवं, जळका वास आला असेल किंवा वायरीचं आवरण मऊ झालं असेल तर चिकटपट्टी गुंडाळून गाडी चालवू नका. तो तुकडा बदलायलाच हवा.

आणि वायरमनकडे गेलात तर काय केलं ते खरं सांगा. निम्मे लोक "आपोआप बंद पडली" असं सांगतात आणि तो बिचारा दोन तास नको तिथे शोधत बसतो. त्याचे पैसे शेवटी आपल्याच खिशातून जातात.

यावरून 'गाडीला हातच लावू नका' असं सांगायचा माझा अजिबात हेतू नाही. उलट बॉनेट उघडणारी माणसं कमी होत चालली आहेत याचं मला वाईट वाटतं. ज्याला फ्यूज कुठे आहे हे माहीत नाही, त्याला रात्री मोहोळच्या अलीकडे गाडी बंद पडल्यावर कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. फक्त हात लावण्याआधी एक प्रश्न विचारा: ही गाडी कुठल्या काळातली आहे, आणि मला जे माहीत आहे ते कुठल्या काळातलं? दोन्हीची सालं जुळत असतील तर खुशाल पाना उचला. नसतील तर आधी मॅन्युअल वाचा. ग्लोव्ह बॉक्समध्ये असतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, अजून न उघडलेलं.

असो. आज इतकंच.