राखणदारांनीच घर पाडले तर?

मंडळी, चोर पकडण्याच्या नादात राखणदारांनीच घराच्या भिंती पाडल्या तर? १९९३ सालच्या मे महिन्यात अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, नावाहो लोकांच्या मुलखात, असेच घडले. धडधाकट तरुण तापाने पडत आणि पाहता पाहता धाप लागून दगावत. फुफ्फुसे पाण्याने भरलेली असत!

नावाहो वडीलधारी म्हणाली, पाऊसपाणी उदंड झाले की रानातल्या बिया वाढतात, बियांवर उंदीर माजतात आणि उंदरांमागून दुखणे येते. शास्त्रज्ञांना रानउंदरांत खरोखरच हंताविषाणू सापडला. हा ‘हंता’ शब्द मात्र आपला संस्कृतातला नव्हे बरे का. तो कोरियातल्या हंतान नदीवरून आला आहे.

आता गंमत पाहा. हा विषाणू फुफ्फुसांतल्या केशवाहिन्यांच्या अस्तरात शिरतो, पण त्या पेशींना सहसा मारीत नाही. त्याला हुसकायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावतात, रसायने सोडतात. त्या झटापटीत केशवाहिन्या झिरपू लागतात आणि रक्तातले पाणी हवेच्या पिशव्यांत उतरते. माणूस जणू कोरड्या जमिनीवर बुडतो. या फुफ्फुसांच्या दुखण्यात दर तिघांमागे सुमारे एक दगावतो.

म्हणून तिकडे सांगतात : बंद खोली आधी उघडून वारा खेळू द्या. उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडू नका. धुळीबरोबर विषाणू श्वासात जातो. जंतुनाशकाने भिजवून मगच पुसा.

गुरुजी, मुलांना एवढे जरूर सांगा : शरीराची ताकद मोठी खरी, पण ती आवरातही हवी. आणि म्हाताऱ्यांचे बोलणे प्रयोगशाळेनेही ऐकावे.