जुनी मिल, बालेवाडी आणि मालकीचा कागद

सोलापुरात नवी पेठेतून मुरारजी पेठेकडे निघालेल्या माणसाला जुन्या मिलचं आवार कुणीही सांगेल. मोरारजी गोकुळदास यांनी १८७७ साली सुरू केलेली ही गावातली पहिली कापडगिरणी. तिचं कागदोपत्री नाव ‘सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’. कायद्याचे विद्यार्थी या नावाशी वेगळ्याच वाटेने येतात. १९४९ च्या ऑगस्टमध्ये व्यवस्थापनाने गिरणीला टाळं लावलं आणि हजारो हात रिकामे झाले. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने खास वटहुकूम काढला, जुन्या संचालकांना बाजूला केलं आणि आपले संचालक आणून बसवले.

चरणजितलाल चौधरी या भागधारकाने त्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. डिसेंबर १९५० मध्ये त्यांचा अर्ज फेटाळला गेला. पण प्रकरण मिटलं नाही. नव्या संचालकांनी प्रेफरन्स शेअर बाळगणाऱ्यांकडे शेअरमागे आणखी ५० रुपये मागितले होते. द्वारकादास श्रीनिवास यांनी ते द्यायला नकार दिला आणि तेही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५३ च्या अखेरीस निकाल त्यांच्या बाजूने लागला. राज्यघटना अमलात येऊन चार वर्षंही झाली नव्हती, तेवढ्यात सोलापूरच्या एका गिरणीच्या मालकीवरून देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दोनदा निकाल दिला.

त्या वटहुकुमात बेकारीचा उल्लेख होता. न्यायालयात मात्र उभे राहिले ते भागधारक. ज्यांचा दिवस भोंग्यावर उगवायचा आणि भोंग्यावर मावळायचा, त्या कामगारांकडे गिरणी आपली आहे असं दाखवणारा एकही कागद नव्हता.

साठ-सत्तर वर्षांनी पुण्याच्या बालेवाडीत हेच घडलं. तिथे टाळं गिरणीला लागलं नाही, फुटबॉल संघांना लागलं.

महाराष्ट्रात फुटबॉलचे मोठे संघ बहुतेक कंपन्यांच्या पदराला बांधलेले होते. त्यांतला ठळक म्हणजे मुंबईचा महिंद्रा संघ. १९६२ मध्ये कंपनीचा संघ म्हणून सुरू झालेला, पुढे ‘महिंद्रा युनायटेड’ झालेला, चाहत्यांच्या तोंडी ‘जीपमेन’ म्हणून रुळलेला. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग त्याने जिंकली. चारच वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने संघ बंद करून शालेय फुटबॉलकडे वळायचं ठरवलं. निर्णय व्यवस्थापनाचा होता, तो घ्यायचा अधिकारही व्यवस्थापनाचाच होता. कुपरेज मैदानाच्या पायऱ्यांवर बसणाऱ्यांना कुणी विचारलं नाही, कारण त्यांना विचारावं असा नियमच कुठे नव्हता.

पुण्याची गोष्ट याहून मोठी आहे आणि सोलापूरकरांना जवळची आहे. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये ‘पुणे एफसी’ उभा केला. दुसऱ्या श्रेणीतून वर चढत या संघाने २०१२-१३ च्या आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेत चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ दुसरं स्थान मिळवलं. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि वाधवान समूहाने इटलीच्या फिओरेंटिनाला सोबत घेऊन ‘एफसी पुणे सिटी’ काढला. हृतिक रोशनही मालकीत होता. त्याच सुमारास कल्याणी समूहाने ‘भारत एफसी’ नावाचा तिसरा संघ आणला. म्हणजे २०१४-१५ च्या हंगामात एकट्या बालेवाडीच्या मैदानावर तीन मोठ्या उद्योगसमूहांचे तीन संघ घरचे सामने खेळत होते. ज्या शहरात फुटबॉलला जेमतेम प्रेक्षक मिळत, तिथे ही चैनच होती.

ती वर्षभरही टिकली नाही. भारत एफसी एकच हंगाम खेळून बंद झाला. पुणे एफसीने २०१५ मध्येच अंग काढून घेतलं आणि त्याची अकादमी वाधवानांकडे गेली. मग जुन्या शिवाजियन्स संघाला हाताशी धरून डीएसके समूह आय-लीगमध्ये उतरला. दोन हंगाम झाले आणि २०१७ मध्ये तोही पडद्याआड गेला.

उरला नारिंगी जर्सीतला एफसी पुणे सिटी. ‘ऑरेंज आर्मी’ नावाने त्याचे चाहते ढोल घेऊन बसू लागले. सोलापूरहून सामना पाहायला जाणं म्हणजे रात्रीचा सौदा. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला पोहोचता येतं, पण परतीची हुतात्मा संध्याकाळी सहाच्या सुमारास सुटते, आणि सामन्याची शिट्टी वाजते त्यानंतर. सामना संपवून बालेवाडीहून स्टेशन गाठायचं, फलाटावर चहा घेत बसायचं आणि मध्यरात्र उलटल्यावर मुंबईहून येणाऱ्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये शिरायचं. सोलापूर येईतो उजाडलेलं असतं. नव्वद मिनिटांच्या खेळासाठी माणूस आपला एक आख्खा दिवस आणि एक रात्र देतो. ही गुंतवणूक कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

२०१७-१८ चा हंगाम या रात्रींचं चीज करणारा होता. मार्सेलिन्हो आणि एमिलियानो अल्फारो यांच्या जोरावर पुणे पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचला. बालेवाडीत बंगळुरूला गोलशून्य बरोबरीत रोखलं. परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि पुण्याचं स्वप्न ३-१ असं संपलं. हरल्याचं दुःख पचतं, कारण पुढच्या वर्षी पुन्हा खेळता येतं. पुण्याला पुढे एकच हंगाम मिळाला.

वाधवान समूहाची गृहकर्ज कंपनी डीएचएफएल २०१८ च्या उत्तरार्धापासून गाळात रुतत गेली. नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचं संचालक मंडळच बरखास्त केलं. पण संघाचा शेवट त्याच्या आधीच झाला होता. पैसे थकले, नवे खेळाडू घेण्यावर बंदी आली आणि २०१९ च्या उन्हाळ्यात संघ मोडीत निघाला. ऑगस्टअखेर जाहीर झालं, की पुण्याची जागा आता हैदराबादला मिळाली आहे. पुण्यासाठी नेमलेले प्रशिक्षक फिल ब्राउन आणि बरेचसे खेळाडू तिकडे गेले. नारिंगी रंग मात्र इथेच राहिला, घराघरांतल्या कपाटांत.

या संपूर्ण व्यवहारात चाहत्यांचा पक्ष कुठेच नव्हता. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाणाऱ्या द्वारकादास श्रीनिवासांच्या हातात निदान प्रेफरन्स शेअर होते. ऑरेंज आर्मीच्या हातात तिकिटांची अर्धुकं होती आणि तिकिटाने मैदानात शिरता येतं, संचालकांच्या बैठकीत नाही.

हैदराबादला तरी काय मिळालं? मार्च २०२२ मध्ये गोव्यातल्या फातोर्ड्याला केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून या संघाने चषक जिंकला. पुण्यातल्या कित्येकांनी तो सामना पाहताना वेगळीच कळ सोसली असणार. पण दीडेक वर्षात हैदराबादेतही पगार थकले, परदेशी खेळाडू सोडून गेले. २०२४ मध्ये मालक बदलले आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये संघ उचलून दिल्लीला नेला गेला, ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ या नव्या नावाने. पुण्याची ती जागा सहा वर्षांत दोन शहरं ओलांडून तिसऱ्या शहरात गेली. तीन शहरांत तीन वेळा पोरांनी नवे झेंडे शिवले.

गोव्यात फुटबॉल घराण्यांचा. डेंपो, साळगावकर, चर्चिल ही नावं खाणी-व्यापाराइतकीच मैदानाशी जोडलेली. डेंपो क्लबने राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवलं. २०१४ मध्ये दत्तराज साळगावकर, श्रीनिवास डेंपो आणि व्हिडिओकॉनचे वेणुगोपाल धूत यांनी मिळून ‘एफसी गोवा’ काढला, तेव्हा सबंध गोव्याने त्याला आपलं म्हटलं. २० डिसेंबर २०१५ च्या अंतिम सामन्यात फातोर्ड्यावर शेवटच्या काही मिनिटांत चेन्नईने बाजी उलटवली आणि ३-२ ने सामना नेला. त्यानंतरच्या गोंधळातून मालकांवर बंदी, संघाला ११ कोटींचा दंड आणि पुढच्या हंगामात १५ गुण वजा अशी शिक्षा आली. अपिलात गुण परत मिळाले, दंडही घटला. दरम्यान भागीदारांची मोट बदलली आणि जयदेव मोदी आत आले. त्याच २०१६ साली आय-लीगला दुय्यम स्थान देण्याच्या फुटबॉल महासंघाच्या आराखड्यावर नाराज होऊन साळगावकर, स्पोर्टिंग आणि डेंपो हे जुने संघ राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. आजोबांपासून डेंपोला टाळ्या देणाऱ्या घरांना आपला संघ पुन्हा आय-लीगमध्ये दिसायला २०२४ उजाडावं लागलं.

कोलकात्याचं वेगळं आहे, आणि ते सभासदत्वामुळे. मोहन बागान १८८९ चा, त्याचे सभासद पिढीजात. २०२० मध्ये संजीव गोएंकांच्या समूहाने ८० टक्के हिस्सा घेऊन नावापुढे आपल्या आधीच्या संघाचं ‘एटीके’ लावलं, तेव्हा चाहते तीन वर्षं ‘एटीके हटवा’ म्हणत रस्त्यावर राहिले. मार्च २०२३ मध्ये चषक जिंकल्याच्याच रात्री गोएंकांनी ते नाव काढत असल्याचं जाहीर केलं. ईस्ट बंगालमध्ये गुंतवणूकदार श्री सिमेंट आणि क्लबचे पदाधिकारी करारावरून अडून बसले, तेव्हा २१ जुलै २०२१ रोजी चाहत्यांचेच दोन गट क्लबच्या दारात भिडले आणि पोलिसांच्या लाठ्या खाऊन परतले. लाठ्या वाईटच. पण तिथल्या माणसांना क्लबचं दार कुठे आहे हे ठाऊक होतं आणि त्या दारात उभं राहायचा हक्क आपला आहे असं वाटत होतं. पुण्यात २०१९ साली जाऊन उभं राहायला दारच नव्हतं.

लंडनच्या विम्बल्डनकरांनीही हा घाव सोसला. त्यांचा क्लब मिल्टन कीन्सला न्यायला २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी स्वतःचा ‘एएफसी विम्बल्डन’ काढला, बऱ्याच खालच्या श्रेणीतून सुरुवात केली आणि २०११ मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये आणून उभा केला.

अशा मालकीचा आपल्याकडचा नमुना पाहायला लंडनला जायची गरज नाही. कोल्हापुरात संघ तालमींचे आहेत: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठ रिकामी होते. इथेही कुरबुरी होतात, मैदानावर राडे होतात, स्पर्धा थांबवाव्या लागतात, मंडळांत खुर्चीवरून भांडणंही होतात. पण पाटाकडीलचा संघ उचलून सोलापूरला किंवा हैदराबादला नेण्याचा ठराव कुठल्याही बैठकीत येऊ शकत नाही. संघाचं नाव तालमीचं आहे, तालीम पेठेत आहे, आणि तिच्या आखाड्यातली लाल माती गाडीत भरून नेता येत नाही.

तिकडे इंडियन सुपर लीगच्या मुंबई सिटी संघात २०१९ मध्ये ६५ टक्के हिस्सा घेणाऱ्या सिटी फुटबॉल ग्रुपने लीगच्या भवितव्याचा घोळ पाहून डिसेंबर २०२५ मध्ये काढता पाय घेतला आणि संघ पुन्हा मूळ मालकांकडे आला. त्यांची निळी जर्सी अजून मैदानात आहे. पुण्याची नारिंगी जर्सी घालून हल्ली सोलापुरातली पोरं गल्लीत क्रिकेट खेळतात. पाठीवरचं मार्सेलिन्होचं नाव धुऊन धुऊन अर्धं उडालं आहे.