राजापूरच्या पेठेतली कसोटी

मंडळी, राजापूर म्हटले की तुम्हांला गंगा आठवते, धूतपापेश्वर आठवतो. पण साडेतीनशे वर्षांपूर्वी दूरदेशीचे व्यापारी हे गाव ओळखत ते त्याच्या बंदरावरून. घाटावरची मिरी आणि कापड बैलांच्या पाठीवरून येथे उतरे आणि खाडीतून गलबतांनी बाहेर जाई. माल आला की पैसा आलाच. आणि तो पैसा काही एका जातीचा नव्हता. दक्षिणेतला सोन्याचा होन, मोगलांचा चांदीचा रुपया, दुमडलेल्या चांदीच्या तारेची लारी, शिवाय तांब्याची नाणी!

आता तुम्ही म्हणाल, मग व्यवहार व्हायचा तरी कसा? तो होई सराफाच्या पेढीवर. सराफ आधी नाणे कसोटीच्या दगडावर घासून कस पाही, मग तराजूत तोली. नाणे झिजलेले निघाले तर तेवढा वटाव कापी. देणेघेणे कीर्दीत लिही आणि तेथून ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत उतरवी. दिवस सरला की वहीतली शिल्लक आणि तिजोरीतली रोकड जुळली पाहिजे. लांबच्या गावी पैसा धाडायचा तर हुंडी. ती वाटेत हरवली तर दुसरी प्रत मिळे, तिला पैठ म्हणत; तीही गेली तर परपैठ. प्रती कितीही होवोत, पैसे मात्र एकदाच!

याच गावात इंग्रजांची वखार होती. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात त्यांनी सिद्दी जौहरला दारूगोळ्याची मदत केली. म्हणून १६६१ साली शिवाजी महाराजांनी राजापूर घेतले, वखार लुटली आणि इंग्रजांना कैदेत टाकले. त्या नुकसानीचे बोलणे पुढे कितीतरी वर्षे चालले. अखेर १६७४ साली, राज्याभिषेकाच्या सुमारास, हेन्री ऑक्झिंडेन हा कंपनीचा वकील रायगडावर आला. भरपाई ठरली दहा हजार होनांची; पण ती रोख नव्हे, काही मालाच्या रूपाने आणि काही राजापूरच्या जकातीत सूट देऊन. म्हणजे नाणे न हलता हिशेब फिटायचा होता.

इंग्रजांची आणखी एक मागणी होती. कंपनीचे नाणे महाराजांच्या मुलखात चालावे! यावर महाराजांकडून आलेले उत्तर ध्यानात ठेवण्याजोगे आहे. असे कलम घालण्याची गरजच नाही, कोणत्याही नाण्याला आमची मनाई नाही. पण ज्यात रयत बुडेल असे नाणे घेण्याची तिच्यावर सक्तीही करता येणार नाही. तुमचे नाणे इतरांच्या इतकेच चोख आणि वजनदार असेल तर ते खुशाल चालेल. पाहा, नुकताच छत्र धरलेला राजाही नाण्याची किंमत हुकमाने ठरवीत नाही. ती कसोटीवर आणि तराजूवर सोडतो.

आज संगणकावर आभासी चलनांचे बाजार भरतात. त्यांची मांडणी करणाऱ्यालाही ही जुनीच कामे नव्याने करावी लागतात. आलेले चलन खरे आहे का ते तपासणे, घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची गाठ घालून भाव लावणे, प्रत्येकाचे खाते चोख ठेवणे, तिजोरीच्या किल्ल्या सांभाळणे. तेच चलन दोनदा खर्च होऊ नये, ही हुंडीची काळजी तर बिटकॉइनच्या मुळाशीच आहे. किल्ल्या एका हाती राहू नयेत म्हणून अनेकांच्या सह्या लागतात. मोठा साठा संगणकाच्या जाळ्यापासून अलग ठेवतात. तरी जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय बाजारातून सुमारे तेवीस कोटी डॉलरचे चलन चोरीस गेले, आणि लाखो लोकांचे पैसे अडकून पडले.

गुरुजींनो, वर्गात मुलांना एवढेच विचारा : पैसा दुसऱ्याच्या हाती ठेवताना आपण काय पाहावे? नाण्यावरचा छाप तर कोणीही दाखवील. कस कोण पाहतो, वही कोण लिहितो, तिजोरीची किल्ली कोणाकडे असते आणि संध्याकाळी शिल्लक कोण मोजतो, ते आधी विचारावे. राजापूरच्या पेठेत हेच विचारीत असत.