‘रेझिन’मधील माणसे : आशा आणि असुरक्षितता

रंगभूमीवरचा काळा माणूस आशेने गाऊ लागला की समीक्षक त्याला भाबडा ठरवतात. तो धास्तावला की दुबळा ठरवतात. दोन्ही विशेषणे इतिहास बाजूला ठेवून दिलेली असतात. ‘रेझिन’ हे संगीतक या दृष्टीने तपासले पाहिजे.

१९७३ साली ते ब्रॉडवेवर आले. १९७४ साली त्याला सर्वोत्कृष्ट संगीतकाचा टोनी पुरस्कार मिळाला. त्याचा आधार म्हणजे लॉरेन हॅन्सबेरी यांचे १९५९ चे नाटक. शिकागोच्या दक्षिण भागात कोंदट जागेत राहणाऱ्या यंगर कुटुंबाला मृत बापाच्या विम्याचे १०,००० डॉलर मिळायचे असतात. आई लीना गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते. मुलगा वॉल्टर गोऱ्या मालकाची मोटार हाकतो. त्याला दारूचे दुकान काढून स्वतः मालक व्हायचे आहे. त्याचा भागीदार पैसे घेऊन पळतो. गोऱ्या रहिवाशांचा प्रतिनिधी तर आधीच सांगून गेलेला असतो : पैसे घ्या, पण आमच्यात येऊ नका. खचलेला वॉल्टर ते पैसे घ्यायला तयार होतो आणि अखेर आपल्या मुलादेखत नकार देतो.

ही घालमेल कल्पित नाही. लेखिकेचे वडील कार्ल हॅन्सबेरी यांनी १९३७ साली शिकागोत अशाच वस्तीत घर घेतले. काळ्यांना घर विकायचे नाही, असे करार तेथील मालकांनी आपसांत केलेले होते. जमाव चालून आला. वडील न्यायालयात झगडत असताना आई रात्री पिस्तूल घेऊन घराची राखण करी. १९४० साली सर्वोच्च न्यायालयात ते जिंकले, परंतु निकाल प्रक्रियेच्या मुद्द्यावर लागला. असे करार तसेच राहिले. न्यायालये त्यांची अंमलबजावणी करू शकत नाहीत, हे ठरायला १९४८ उजाडले आणि घरविक्रीतील भेदभाव कायद्याने बंद व्हायला १९६८.

म्हणजे लीनाची आशा आणि वॉल्टरची धास्ती एकाच अनुभवातून आली आहे. कायद्याने दिलेले वस्तीने काढून घ्यावे, हे त्यांनी पाहिले आहे.

१९७२ साली दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून नाव घेतले, ते या साम्यामुळेच. आडनाव विचारून भाड्याची खोली नाकारणारे मालक आपल्या शहरांत आजही आहेत. तेव्हा हे संगीतक शिकवताना ‘सुखान्त’ हा शब्द जपून वापरावा. पडदा पडतो तेव्हा यंगरांचे सामान घराबाहेर पडत असते. नव्या शेजाऱ्यांनी दार उघडलेले नसते.