मोठ्या मायचं ताट

परवा फोनवर आत्याशी बोलताना तात्यांचा विषय निघाला. तात्या म्हणजे माझे चुलत आजोबा. १९६० च्या सुमारास, कळंब तालुक्यातल्या आमच्या गावी असताना, त्यांना टीबी झाला. दिवसभर मोट हाकणारा माणूस, पण चार पावलं चालला की धाप लागायची. वर्षभर मोट आणि पेरणी त्यांच्या बायकोने, म्हणजे मोठ्या मायने ओढली.

घरी दोन उस्मानाबादी शेळ्या होत्या. राजयक्ष्म्यावर शेळीचं दूध, मांस, इतकंच काय शेळ्यांच्या सहवासात राहणंही आयुर्वेदात सांगितलंय. त्यामुळे दूध, तूप, अंडी सगळं तात्यांच्या ताटात.

आणि त्याच काळात तिकडे मद्रासला काय चाललं होतं बघा! १९५६ पासून तिथे काही रुग्ण सॅनिटोरियममध्ये आणि काही आपापल्या गरीब घरीच ठेवून तपासले. औषधं दोघांना तीच, आयसोनियाझिड आणि पीएएस. सॅनिटोरियमवाल्यांना सकस जेवण आणि विश्रांती, घरच्यांना दोन्ही बेताचंच. १९५९ मध्ये निकाल आला तो असा, की वर्षभरात दोघेही जवळपास सारखेच बरे झाले. लाखो गरिबांना घरीच उपचार घेता आले ते या अभ्यासामुळे. पण मला वाटतं, त्यानंतर रुग्णाच्या ताटाकडे बघणंच जरा मागे पडलं.

ते पुन्हा आलं २०२३ मध्ये. झारखंडमधल्या 'रेशन्स' नावाच्या अभ्यासात रुग्णाबरोबर घरच्यांनाही शिधा दिला, मोठ्या माणसामागे महिन्याला ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ. त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालं. सरकार २०१८ पासून रुग्णाला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देत होतं, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. घरच्यांनाही शिधा द्यायचं २०२४ मध्येच ठरलं.

हे वाचलं आणि मोठी माय आठवली. तात्या गोळ्यांनी बरे झाले, पुन्हा मोटेवर उभे राहिले. दोन वर्षांनी मोठी माय खोकायला लागली. तीही बरी झाली म्हणा, पण पाण्याची घागर मात्र परत कधी डोक्यावर घेऊ शकली नाही. "तिला तात्यांचाच लागला," असं घरात सगळे म्हणायचे. असेलही.

"आत्या, त्या वर्षी मोठी माय काय खायची गं?"

आत्या जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ती सगळ्यांच्या शेवटी बसायची रे. आम्ही तोवर झोपलेले असायचो."