नंबरचा संरक्षक चष्मा : आघातश्रेणीची निवड

लेथ, ग्राइंडर, छिन्नी-हातोडा किंवा लाकूडकापणीच्या यंत्रावर काम करताना उडणाऱ्या कणांपासून डोळा वाचवणारा आणि त्याच वेळी दृष्टिदोषही दूर करणारा चष्मा. दिसायला तो रोजच्या चष्म्यासारखा असतो. मात्र त्याची लेन्स व फ्रेम पोलादी गोळ्यांच्या माऱ्यावर तपासलेली असतात. या तपासणीत तो किती आघात सोसतो, यावरून त्याची आघातश्रेणी ठरते व तिची खूण लेन्सवर आणि फ्रेमवर उमटवतात.

चाचण्या : युरोपातील ईएन १६६ या मानकात ‘एस’ श्रेणीसाठी २२ मिमी व्यासाची, ४३ ग्रॅमची गोळी १.३ मीटरवरून लेन्सवर पडू देतात. पुढच्या श्रेण्यांत ६ मिमीची, जेमतेम ०.८६ ग्रॅमची गोळी झाडतात : ‘एफ’साठी सेकंदाला ४५ मीटर, ‘बी’साठी १२०, ‘ए’साठी १९० मीटर वेगाने. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ‘एफ’च्या आघातात सुमारे ०.९ जूल, तर ‘बी’च्या आघातात सुमारे ६.२ जूल ऊर्जा असते. काड्यांचा चष्मा, नंबरचा असो वा बिननंबरचा, या मानकात ‘एफ’पर्यंतच जातो. ‘बी’ गॉगलला मिळू शकते. ‘ए’ फक्त चेहरा झाकणाऱ्या फेस शील्डला. नव्या आयएसओ १६३२१ मानकात सी, डी आणि ई (४५, ८० व १२० मीटर) अशा श्रेण्या आहेत.

अमेरिकेच्या झेड८७.१ मानकात साधी आणि उच्च अशा दोन पायऱ्या असून उच्च श्रेणीवर ‘+’ असते. तिच्यासाठी ५०० ग्रॅमचे टोकदार वजन १२७ सेंमीवरून टाकतात आणि ६.३५ मिमीची गोळी सेकंदाला ४५.७ मीटर वेगाने मारतात. नंबरच्या फ्रेमवर ‘झेड८७-२’ अशी खूण असते. ‘सेफ्टी चष्मा’ एवढेच सांगून मागवल्यास साध्या श्रेणीची लेन्सही हाती पडू शकते. म्हणून मागणीपत्रात ‘+’ स्पष्ट लिहावे लागते.

लेन्सचे द्रव्य : सीआर-३९ ही नेहमीची प्लास्टिक लेन्स वेगवान कणांपुढे टिकत नाही. हे काम पॉलिकार्बोनेट करते. त्याचा अपवर्तनांक १.५८६ असल्याने लेन्स पातळ होते. पण अॅबे अंक सुमारे ३० असल्यामुळे जास्त नंबरात कडेने पाहताना वस्तूंना रंगीत झालर दिसते. ॲसिटोनसारख्या द्रावकाने त्याला तडे जातात. ट्रायव्हेक्समध्ये रंगदोष कमी (अॅबे अंक सुमारे ४४), पण अपवर्तनांकही १.५३ एवढाच. उणे नंबराची लेन्स मध्यभागी सर्वांत पातळ असते, म्हणून तिथली किमान जाडी महत्त्वाची ठरते.

निवड : कामाच्या ठिकाणी कण किती वेगाने उडू शकतो, हा पहिला प्रश्न. हातोडा, ड्रिल, हलके असेंब्लीचे काम यांत ‘एफ’ किंवा ‘+’ श्रेणीचा, बाजूचे संरक्षण असलेला नंबरचा चष्मा बहुधा पुरतो. ग्राइंडरचे गणित वेगळे. मिनिटाला ११,००० फेरे घेणाऱ्या १०० मिमी चाकाच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ५८ मीटर भरतो. चाक फुटले तर त्याचा तुकडा याच वेगाने सुटतो, शिवाय तो चाचणीतल्या गोळीपेक्षा जड असू शकतो. म्हणजे चष्म्याची कमाल श्रेणी येथे अपुरी. अशा वेळी नंबरच्या चष्म्यावर फेस शील्ड चढवतात, किंवा चष्मा आत मावेल असा ‘बी’ श्रेणीचा गॉगल घालतात. फेस शील्ड वापरतानाही आतला संरक्षक चष्मा काढत नाहीत. भट्टीजवळ किंवा शीतगृहात ‘एफटी’ अशी जोडखूण पाहावी. ‘टी’ म्हणजे उणे ५ आणि ५५ अंश सेल्सिअस तापमानालाही आघात-चाचणी झालेली.

कायदा व खुणा : भारतात १९४८च्या कारखाना अधिनियमातील कलम ३५ने उडणारे कण व प्रखर प्रकाश यांच्यापासून डोळ्यांच्या रक्षणासाठी पडदे किंवा योग्य गॉगल सक्तीचे करण्याचा अधिकार राज्य शासनांना दिला. अमेरिकेतील नियम नंबरवाल्यांबाबत थेट बोलतो : नंबर संरक्षक साधनातच असावा, नाहीतर साधन नेहमीच्या चष्म्यावर नीट बसावे.

लेन्स आणि फ्रेम यांच्या खुणा वेगळ्या असतील, तर ईएन १६६नुसार संपूर्ण चष्म्याला दोहोंपैकी कमी श्रेणी लागू होते. नंबर बदलल्यावर संरक्षक फ्रेममध्ये शेजारच्या दुकानातून साधी लेन्स बसवून घेतली, की फ्रेमवरची ‘एफ’ किंवा ‘+’ खूण त्या चष्म्यापुरती निरर्थक होते.