अतिथी कोण? भुताच्या खाऊची आपली जुनी गोष्ट

आज आपण खाण्याबद्दल बोलू, पण रोजच्या भाजी-भाकरीबद्दल नाही. आज बोलायचं आहे भुताच्या खाऊबद्दल.

ऑक्टोबर संपत आला की पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये हॅलोविन नावाची पार्टी असते. मुलं मुखवटे घालतात आणि पाहुण्यांपुढे घाबरवणारा खाऊ येतो. उकडलेल्या अंड्याचा डोळा, बोटासारखं बिस्किट, पांढऱ्या भुतासारखा गोळा, असं काहीबाही. दिवाळीच्या सुट्टीत गावी आलेली नातवंडं तेच मागतात, "आजी, भुताचा खाऊ कर ना!" आजी म्हणते, "हे कसलं रे बाबा विलायती खूळ?"

सण विलायती आहे, हे खरं. पण भीतीला पिठात घडवायचं आणि तिला पाहुण्यासारखं जेवू घालायचं, ही रीत आपल्या घरातही जुनी आहे. ती बायकांनी सांभाळली. तिच्या पोटात एक दुखरी गोष्टही आहे, म्हणून हा विषय आम्ही आज घेतला.

आधी त्यांच्याकडचं थोडं पाहू. आयर्लंड आणि स्कॉटलंड या थंड देशांत 31 ऑक्टोबरच्या सुमारास सुगी संपे आणि काळोखाचे महिने लागत. त्या रात्री मेलेली माणसं घराकडे फिरकतात, असा समज होता. पुढे ख्रिस्ती धर्मात 1 नोव्हेंबर हा संतांचा आणि 2 नोव्हेंबर हा मृतांच्या आठवणीचा दिवस झाला. गरीब लोक दारोदार जाऊन मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणत आणि घरची बाई त्यांच्या हातावर छोटी गोड भाकरी ठेवी. सलगम कोरून त्यात दिवा लावत. 1845 पासून आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला, मोठा दुष्काळ झाला आणि लाखो लोक अमेरिकेला गेले. सणही त्यांच्याबरोबर गेला. तिथे सलगमाच्या जागी भोपळा आला, कारण तो मोठा आणि कोरायला सोपा. म्हणजे ही पार्टी मुळात गरिबांची, आणि तिचा पहिला खाऊ म्हणजे दारात आलेल्याला दिलेली भाकर.

आता आपल्याकडे या. आषाढी अमावस्येला आपण दिवे घासूनपुसून पुजतो आणि कणकेचे, गूळ घातलेले दिवे उकडतो. काळोखातला दिवा तुपाबरोबर पोटात जातो. पितृपक्षात गेलेल्या माणसांना पाहुण्यासारखं बोलावतो आणि कावळ्याला घास ठेवतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे आंघोळ झाली की अंगणात कारीट ठेवून अंगठ्याने फोडतात. काही ठिकाणी त्याला चिराटं म्हणतात. ते कडू फळ म्हणजे नरकासुर. त्याचा थेंब जिभेला लावायचा, मगच फराळाला बसायचं. दिवाळीच्या ताटाची सुरुवात अशी राक्षसाच्या कडू चवीने होते. गोव्यात तर त्या पहाटे नरकासुराचे मोठमोठे पुतळे जाळतात आणि मग घरोघरी पोह्यांचे प्रकार होतात. दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, बटाट्याचे. आल्यागेल्याच्या हातावर ते पोहे ठेवल्याशिवाय त्याला सोडत नाहीत.

या सगळ्यांत आम्हाला मोठी वाटते ती पिठोरी अमावस्या, श्रावणाच्या शेवटची. त्या दिवशी चौसष्ट योगिनींची पूजा असते. योगिनी म्हणजे साध्यासुध्या देवता नव्हेत, माणसाला धाक वाटावा अशा. त्यांच्या मूर्ती पिठाच्या करत, म्हणून नाव पिठोरी. आता बऱ्याच घरी चित्रावरच भागतं. संध्याकाळी आई खीर-पुरीचं वाण डोक्यावर धरते आणि मागे न बघता विचारते, "अतिथी कोण?" मागे उभं असलेलं पोर म्हणतं, "मी!" आणि वाण त्याच्या हातात जातं.

हा प्रश्न आला कुठून? पिठोरीच्या कहाणीतून. घराघरात ती थोडी वेगळी सांगतात, पण गाभा असा. एका घरात दर श्रावणी अमावस्येला श्राद्ध असे. नेमकी त्याच दिवशी सून बाळंत होई आणि मूल दगावे. श्राद्ध मोडे, आलेले ब्राह्मण उपाशी जात. असं वर्षामागून वर्ष झालं. शेवटी घरच्यांनी मेलेलं मूल तिच्या ओटीत घातलं आणि तिला रानात हाकलून दिलं.

रानात तिला कोण भेटलं? झोटिंगाची बायको. झोटिंग म्हणजे भूत. त्या भुताच्या बायकोने तिला विचारलं, बाई, तू कोण, कुठली, इथे का आलीस? घरच्या एकाही माणसाने जे विचारलं नव्हतं, ते भुताच्या बायकोने विचारलं. नवरा येईल आणि तुला खाईल, म्हणून तिला पुढची वाटही तिनेच दाखवली. पुढे बेलाच्या झाडाखाली शिवलिंग होतं. रात्री तिथे देवकन्या आल्या, योगिनी आल्या. पूजा झाली, खीर-पुरीचा नैवेद्य झाला आणि त्यांनी हाक दिली, अतिथी कोण आहे? ती पुढे झाली आणि म्हणाली, मी. मग तिची मुलं तिला जिवंत परत मिळाली आणि ती घरी आली.

बायांनो, या कहाणीत भीतीदायक कोण आहे? अंधारं रान? झोटिंग? योगिनी? त्यांनी तर तिला खाऊ घातलं. भीतीदायक आहे ते घर, ज्याने मूल गेलेल्या आईलाच दोष दिला. ही कहाणी बायकांनी बायकांना सांगितली. घरात थेट बोलता येत नव्हतं ते त्यांनी भुताच्या तोंडून वदवलं, आणि हाकललेल्या बाईला अतिथीचा मान दिला.

मुलं का दगावत, हे आज आपल्याला ठाऊक आहे. आईच्या अंगात रक्त कमी, दिवस पुरे नाहीत, अडलेलं बाळंतपण. नाळ घरच्या विळ्याने किंवा गंजक्या पात्याने कापली की बाळाला धनुर्वात होई. तो बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच बाळाला गाठे. पाचवीला आणि सटवीला रात्र जागवायची आपली रीत त्याच धोक्याच्या दिवसांत येते. आयांना दिवस बरोबर ठाऊक होते, कारण ठाऊक नव्हतं. पुढे गरोदर बाईला धनुर्वाताची लस मिळू लागली, दवाखान्यात बाळंतपणं होऊ लागली. 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं की भारतात माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात आता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहिलेला नाही. बाईला रानात हाकलून जे कधी थांबलं नव्हतं, ते लशीने, स्वच्छ पात्याने आणि धुतलेल्या हातांनी थांबलं.

तरी दोष द्यायची खोड गेली का? मूल आजारी पडलं की "तिची नजर लागली", म्हैस आटली की "तिनं करणी केली", तरणा माणूस गेला की "पांढऱ्या पायाची". बोट बहुतेक वेळा एकट्या बाईकडे वळतं, विधवेकडे किंवा मूलबाळ नसलेलीकडे. म्हणूनच जादूटोणाविरोधी कायद्याची मागणी झाली. त्यासाठी वर्षानुवर्षं झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे माणसं आजारी पडतात किंवा गुरांचं दूध आटतं, असं पसरवून तिचं जगणं मुश्कील करणं हा त्यात गुन्हा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हाही गुन्हाच. साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणंसुद्धा. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं आणि दंड 5,000 ते 50,000 रुपये. गुन्हा अजामीनपात्र आहे. पूजा, व्रत, कहाणी यांना हा कायदा हात लावत नाही. पिठोरी खुशाल करा.

आता कुणी म्हणेल, हे ठीक, पण महाळुंगे पडवळच्या मातीत विलायती भुताचा खाऊ कशाला? प्रश्न रास्त आहे. हे हुतात्मा बाबू गेनू सैद यांचं गाव. 1908 साली इथे जन्मलेला गरीब घरातला हा मुलगा मुंबईच्या गिरणीत कामाला गेला. 12 डिसेंबर 1930 रोजी काळबादेवीत विलायती कापडाने भरलेल्या ट्रकपुढे तो उभा राहिला आणि त्या ट्रकखाली त्याचा जीव गेला. वय अवघं बावीस. डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचंच नाव आहे. पण त्यांनी ट्रक अडवला तो कशासाठी? परक्या मालाने इथल्या हातांचं काम हिरावलं होतं म्हणून. तेव्हा आपणही तोच प्रश्न विचारू, की या पार्टीचा पैसा कुणाला मिळतो? प्लॅस्टिकचे मुखवटे आणि पाकिटातला रंगीत खाऊ आणला, तर तो बाहेर गेला. आपल्या तांदळाचा, आपल्या बटाट्याचा खाऊ आपल्या गटाने करून विकला, तर तो गावात राहिला.

म्हणून आमच्याकडून हा एक पदार्थ, "पिठाची भुतं". एक वाटी पाणी उकळा. त्यात चवीपुरतं मीठ, चमचाभर तेल आणि थोडं जिरं घाला. एक वाटी तांदळाचं पीठ घालून ढवळा, झाकण ठेवून मंद आचेवर एक वाफ आणा. उकड गरम असतानाच तेलाचा आणि पाण्याचा हात लावून मऊ मळा. दोन उकडलेले बटाटे कुस्करून त्यात मिरची, आलं, कोथिंबीर, मीठ आणि लिंबू घाला. सातगाव पठाराचा बटाटा असेल तर उत्तमच. मोदकासारखी पारी करून सारण भरा आणि वरचं टोक जरा वाकडं ओढा. तेच भुताचं डोकं. काळ्या तिळाचे दोन डोळे चिकटवा. दहा-बारा मिनिटं वाफवा. ताटात लसणाची लाल चटणी दह्यात कालवून पसरा आणि तिच्यावर भुतं उभी करा. एवढ्यात बारा-पंधरा होतात. तळण नाही, विकतचा रंग नाही. पाहुण्यांना गरमच वाढा, गार झाल्यावर पारी कडक होते.

लहान मुलांना ती करायला बसवा. वाकड्या तोंडाचं भूत स्वतःच्या हातांनी केलं आणि चटणीत बुडवून खाल्लं, की अंधाराची भीती थोडी तरी कमी होते. ती करता करता त्यांना पिठोरीची कहाणी सांगा. झोटिंगाच्या बायकोने काय विचारलं, ते मुद्दाम सांगा.

आणि गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. आपल्या वाडीवस्तीवर अशी कुणी बाई आहे का, जिला हळदीकुंकवाला, बारशाला बोलवत नाहीत? जिच्यासमोर मूल झाकून नेतात? तिच्या घरी दोघीजणी जा आणि तिला बैठकीला घेऊन या. कुणी तिला करणीवाली म्हणून छळत असेल, तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, गट म्हणून सह्या करा. एकटीच्या अर्जापेक्षा वीस सह्यांचा अर्ज जड असतो. ती आली, की ताटातलं पहिलं भूत तिच्या हातावर ठेवा.